तागडीला न दिसणारे नाणे

२०२५च्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरजवळ, असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांमध्ये रात्री माणसांची झुंबड उडाली होती. कुणाच्या हातात विजेरी, कुणाच्या हातात चाळणी, कुणाकडे धातुशोधक यंत्र. ‘छावा’ चित्रपट नुकताच गाजला होता, त्यात बुऱ्हाणपूरचा उल्लेख होता, आणि मोगलांच्या खजिन्यातल्या मोहरा या मातीत सापडतात अशी आवई उठली होती. शेवटी प्रशासनाला धाव घ्यावी लागली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोक हसले आणि विसरले.

त्याच सुमारास आपल्या गावोगावच्या सराफकट्ट्यांवर निराळीच गर्दी होती. एप्रिल २०२५मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि वर्ष संपता संपता भाव सव्वा लाखाच्याही पुढे गेला. चांदी डिसेंबरात किलोला दोन लाखांपलीकडे पोहोचली. अशा वेळी कपाटे उघडतात. तुटकी साखळी, एकच उरलेली कुडी, सासूबाईंच्या डबीतले न ओळखू येणारे काहीबाही, सारे मोडीत निघते. बुऱ्हाणपूरच्या अंधारात जे शोधले जात होते त्याचेच धाकटे भावंड इकडे भर उजेडात मुशीत पडत होते, आणि त्याचे छायाचित्र काही कुणी काढले नाही.

हे भावंड म्हणजे दक्षिणेतला फनम. मोगली मोहर सुमारे अकरा ग्रॅमची, तर फनम तिचा जेमतेम तिसावा हिस्सा. ज्यांचे लहानपण साठ-सत्तरच्या दशकांत गेले त्यांना एक पैशाचे चौकोनी ॲल्युमिनियमचे नाणे आठवत असेल. फुंकर मारली तर उडेल असे वाटायचे ते. त्याचे वजन पाऊण ग्रॅम होते. फनम त्याच्याही निम्मा. जुन्या मापात सांगायचे तर सुमारे तीन गुंजा. शहाण्णव गुंजांचा तोळा, हे ज्यांनी शाळेत घोकले आहे त्यांनी हिशेब करून पाहावा. आकार मसुरीच्या डाळीहून थोडा मोठा, आणि एवढ्याशा जागेत देव, प्राणी, अक्षर, ठिपके, जे काही मावेल ते.

नावाची गंमत आहे. संस्कृतात ‘पण’, तमिळ-मल्याळममध्ये ‘पणम’, कानडीत ‘प’चा ‘ह’ होऊन ‘हण’. या तिन्ही भाषांत आजही हा शब्द सरसकट ‘पैसा’ या अर्थाने वापरतात. म्हणजे नाणे गेले आणि त्याचे नाव साऱ्या पैशाला चिकटून राहिले. परकीयांच्या तोंडी त्याचा ‘फनम’ झाला. आपल्या मराठी कागदांत तो ‘फलम’ होऊन आला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी जंत्री आहे तिच्यात शिवराई होन, अच्युतराई, देवराई यांच्या जोडीला फलमही आहेत. पहिल्यांदा वाचताना फळांचा खजिन्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणारा वाचक मी एकटाच नसेन.

ती जंत्री मला नेहमीच बोलकी वाटत आली आहे. जिंजीच्या मुक्कामी, राजाराम महाराजांच्या काळात, कृष्णाजी अनंत सभासद ती लिहीत होता आणि त्याला ‘इतके सोने’ असे म्हणून भागत नव्हते. कोणत्या राजाचे, कोणत्या गावचे, कोणत्या छापाचे नाणे, हे वेगळे सांगावे लागत होते, कारण प्रत्येकाचा कस निराळा आणि म्हणून मोल निराळे. त्यातली कैक नाणी विजयनगरच्या राजांच्या नावाची. म्हणजे साम्राज्य मोडून शतक उलटले तरी त्यांची नाणी चालत होती. राजा जातो, नाणे राहते, हे अर्थशास्त्र तेव्हाच्या कारकुनाला पक्के ठाऊक होते.

विजयनगरची व्यवस्था डोळ्यांनी पाहून लिहिणारा एक साक्षीदारही आहे. तैमूरवंशीय शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक १४४३मध्ये तेथे आला होता. त्याने टांकसाळीतली उतरंड नोंदवली आहे. वराह हे सोन्याचे मुख्य नाणे. त्याचा निम्मा प्रताप. प्रतापाचा दहावा हिस्सा फनम. मग चांदीचा ‘तार’, सहा तारांचा एक फनम. आणि तांब्याचा जितल, तीन जितलांचा एक तार. या सगळ्यांत सर्वांत उपयोगाचा फनम, असेही त्याने आवर्जून लिहिले. राजधानीचे वैभव पाहून दिपलेल्या या परदेशी माणसाला सर्वांत कामाचे नाणे कोणते, तर डाळीएवढे.

उत्तरेत रुपया आणि तांब्याचा पैसा यांच्यावर संसार चालला. दक्षिणेत सोन्यालाच इतके बारीक केले गेले की ते बाजारहाटाच्या पिशवीत उतरले. केरळात तर त्याहून बारीक. कालिकतकडचा चांदीचा तार एका गुंजेपेक्षाही हलका असे. त्रावणकोरचा चांदीचा चक्रम फनमाच्याच वजनाचा. चार चक्रमांचा एक फनम आणि सात फनमांचा त्रावणकोरी रुपया. पूर्वापार चालत आलेला ‘राशी’ फनम प्रथम परशुरामाने पाडला, अशी तिकडची आख्यायिका आहे. समुद्र हटवून कोकणची भूमी देणाऱ्या देवाने तिकडे नाणीही पाडून द्यावीत आणि आपल्याला मात्र नुसती भूमी, याची चिपळूणकरांनी तक्रार करायला हरकत नाही.

आता हे मोजायचे कसे? मी पस्तीस-एक वर्षे बँकेत काढली, त्यामुळे कुठल्याही नाण्याबद्दल मला पहिला प्रश्न हाच पडतो. चिमुकले, गुळगुळीत, बोटाला चिकटणारे नाणे. हजार मोजायचे म्हणजे दुपार गेली, आणि मध्ये कुणी शिंकला तर पुन्हा पहिल्यापासून. यावर केरळातल्या खजिन्यांनी जो तोडगा काढला तो पाहून मी टोपी काढली. एक लाकडी फळा. त्यावर नाण्याच्या मापाचे उथळ खळगे ओळीने कोरलेले, ठराविक संख्येचे. फळ्यावर मूठभर नाणी टाकायची, फळा हलवायचा, प्रत्येक खळग्यात एकच नाणे बसते, वरची जास्तीची हाताने सारून टाकायची. खळगे भरले की संख्या पूर्ण. चूक नाही, वाद नाही. तिकडच्या संग्रहालयांत असे फळे ठेवलेले आहेत. नोटा मोजण्याचे यंत्र आमच्या शाखेत आले तेव्हा पेढे वाटले होते, पण कल्पनेची नवलाई म्हणाल तर ती त्या फळ्यात अधिक आहे.

लहान नाण्यांचा हा सोस फक्त दक्षिणेचा, असे मात्र नव्हे. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांनी सोन्या-चांदीच्या नैसर्गिक मिश्रणाची जी पहिली नाणी पाडली, त्यांत मुख्य नाण्याचा शहाण्णवावा भागही होता. (आपल्या तोळ्यात गुंजाही शहाण्णवच. योगायोग, पण मजेदार.) अथेन्सचे लोक सुटी चांदीची नाणी गालात धरून बाजाराला जात, ॲरिस्टोफेनिसच्या सुखात्मिकांत त्यावर विनोद आहेत. आणि या शर्यतीत सर्वांच्या पुढे आहे आपला शेजारी नेपाळ. काठमांडूच्या मल्ल राजांच्या मोहराचे १२८ दाम होत आणि दामाचे चार ‘जवा’. जवा म्हणजे जवाचा दाणा. चांदीचा हा जवा ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरतो. त्याला नाणे म्हणावे की धुळीचा कण, असा प्रश्न पडावा. पण अठराव्या शतकात जयप्रकाश मल्लाच्या कारकिर्दीत त्यावर व्यवहार होत होता.

इतके बारीक नाणे लागते कशाला? उत्तर सरळ आहे. ज्याच्याकडे थोडेच आहे त्यालाही काही विकत घ्यायचे असते. मोहर दरबारात नजराण्याला जाई, होन सैन्याच्या पगाराला. मीठ, तेल, हळकुंड, नावाड्याचे भाडे, देवळातल्या दिव्याचे तेल, या गोष्टी फनम आणि तार करीत. फ्रान्सिस बुकॅनन १८००-०१मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरला. त्याच्या प्रवासवर्णनात मजुरी आणि जिन्नसांचे भाव येतात ते फनमांत. साध्या माणसाचे सोने पाहायचे तर ते येथे.

पुढची कथा थोडक्यात. मद्रासेस कंपनी सरकारने बेचाळीस फनमांचा एक पॅगोडा, म्हणजे आपल्या भाषेत होन, असा हिशेब चालवला. १८१८मध्ये रुपया मुख्य झाला आणि फनम हळूहळू पेटीत गेले. त्रावणकोरचा चक्रम मात्र संस्थान विलीन होईपर्यंत तग धरून राहिला. तंजावरच्या मराठ्यांच्या मोडी कागदपत्रांत चक्रम आणि पणम यांचे हिशेब आहेत. मोडी लिपीत लिहिलेला, तमिळ नाण्यात मोजलेला, मराठी माणसाचा जमाखर्च!

मग आज कुणाच्या घरात हे सापडणार? आपल्याकडे प्रामुख्याने दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकाच्या सीमेवरच्या तालुक्यांत, गोव्यात, आणि तिकडून लेक आली वा सून आली अशा घरांत. देवघरात टाकांच्या शेजारी, लक्ष्मीपूजनाच्या डबीत, कुंकवाच्या करंड्याच्या तळाशी. पुष्कळदा घरच्यांना ते नाणे आहे हेच ठाऊक नसते. ‘सोन्याच्या टिकल्या’ किंवा ‘फुटके मणी’ एवढीच ओळख.

नव्वदच्या दशकात मी दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एक आजी सोनेतारण कर्जाला आल्या. पाटल्या होत्या, आणि रुमालाच्या गाठीत तेवीस बारीक गोळे. आमचे मूल्यमापक पिढीजात सराफ. त्यांना आम्ही सारे आप्पा म्हणत असू. त्यांनी कसोटीवर एक घासला, भिंगातून पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारले, “साहेब, हे दागिन्यात धरू का तुकड्यांत?” छापील फॉर्मवर रकाने होते ते दागिन्याचे वर्णन, नग, ढोबळ वजन, निव्वळ वजन यांचे. नाणे हा रकानाच नव्हता. मी भिंग घेतले. मांडी घालून बसलेला नरसिंह होता. म्हैसूरच्या कंठीरव नरसराज वडेयराचा फनम. हा राजा १६३८ ते १६५९ या काळातला, म्हणजे शिवाजी महाराज तोरणा-राजगडाच्या खटपटीत होते तेव्हाचा. आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, “असंल बाबा. आमच्या सासूच्या सासूबाईंचं हाय. वजन किती भरतंय तेवढं बघा.” साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरले. आप्पांनी लिहिले, ‘सोन्याचे बारीक नग २३’. कर्ज वेळेवर फिटले आणि गाठ परत गेली. तीनेक वर्षांनी आजी नातवाला घेऊन आल्या, तेव्हा त्याच्या गळ्यात नवी साखळी होती. “त्येचंच केलं,” असे त्या कौतुकाने म्हणाल्या. नातू गोड होता, साखळीही छान होती. त्यांचे काय चुकले? काहीच नाही.

तेव्हा सोने दहा ग्रॅमला पाच हजारांच्या आत होते. म्हणजे चोख सोने धरले तरी एका फनमात पावणेदोनशे-एकशेऐंशी रुपयांचा धातू. बहुतेक फनम चोख नसतात, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमीच. संग्राहक मात्र त्याला काही पट देत असे. पुढे पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत नाणेप्रदर्शनात साधा वीरराय फनम, ज्याच्या एका बाजूला बारा ठिपके असतात तो, हजाराच्या आतबाहेर मिळायचा, आणि त्यातले धातूचे मोल त्याच्या अर्ध्याहून कमी. या फरकावर तो तगून होता. नाणे म्हणून विकले तर फायदा, वितळवले तर तोटा. जुन्या नाण्यांचे खरे राखणदार म्हणजे हा फरक. कायदा नव्हे, संस्कृतीप्रेमही नव्हे.

आता आकडे बदलून पाहा. लाखाच्या भावाने तीन गुंजा चोख सोने साडेतीन हजारांच्या पुढे जाते. शंभरात साठ भाग सोने धरले तरी बावीसशेच्या जवळपास. सोन्याने जी उडी घेतली तितकी संग्राहकांच्या खिशाने घेतलेली नाही. दुर्मिळ नाण्यांना झळ नाही. १६७४च्या राज्याभिषेकाशी निगडित शिवराई होन कुणी वितळवणार नाही, त्याचे लिलावातले मोल लाखांत आहे. मरण येते ते सामान्याला. ज्या फनमाचे हजारो भाईबंद आहेत, ज्यावर नाव नाही, ज्याला ‘काय विशेष, असले पुष्कळ आहेत’ असे म्हणतात, तो आधी मुशीत जातो. आणि असे पुष्कळ जण म्हणाले की पुष्कळ उरत नाहीत.

चांदीच्या बारीक नाण्यांची तऱ्हा उलटी. किलोला दोन लाख भाव धरला तरी गुंजभर चांदीचे होतात पंचवीस रुपये. त्यासाठी कुणी मूस तापवणार नाही. त्यांना धोका आगीचा नाही, झाडूचा आहे. डबी झटकली की गेली. सराफबाजारातल्या गटारांची माती धुऊन कण वेचणारे झारेकरी असत, आजही काही ठिकाणी आहेत. तारासारखी नाणी ओळखायला त्यांचे डोळे लागतात.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? तो आप्पांच्या फॉर्मसारखाच पाहतो. जमिनीत सापडलेल्या धनाचा आपला कायदा १८७८चा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. दहा रुपयांत तेव्हा सुमारे अर्धा तोळा सोने आले असते. आज त्यात फनमावरची धूळही येणार नाही. मूळ मालक नसेल आणि वाटणीचा करार झाला नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक जमीनमालकाला, अशी तरतूद आहे, तीही वाईट नाही. खरी मेख पुढे. ते धन सरकारला हवे असेल तर मोबदला किती? धातूचे जे मोल होईल ते, आणि त्यावर एक पंचमांश. म्हणजे विसाव्या-एकविसाव्या शतकातले सरकारही, तागडीत टाका, वजन करा, वीस टक्के जास्त द्या, असेच म्हणते. बाजारात दहापट मोल असलेली वस्तू सापडणारा मनुष्य कचेरीची पायरी चढेल की सोनाराची? शिवाय न कळवल्यास वर्षापर्यंतच्या तुरुंगाची शिक्षा. भीती आणि तोटा दोन्ही एकाच बाजूला ठेवल्यावर माणूस कुठल्या बाजूला जाईल, हे सांगायला समिती नेमायला नको.

१९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला पुरावस्तू मानतो. ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. हे योग्यच आहे. पण सीमा ओलांडण्यावर पहारा ठेवणाऱ्या या कायद्याला गल्लीतल्या मुशीचे काही सोयरसुतक नाही. त्याउलट २०११चा नाणे कायदा घ्या. त्यानुसार सरकारने पाडलेले चलनी नाणे वितळवणे हा गुन्हा असून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खिशातला रुपया वितळवला तर तुरुंग. साडेतीनशे वर्षांचा नरसिंह मात्र त्या व्याख्येत बसत नाही. ज्या २०११ साली हा कायदा आला त्याच वर्षी ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. धातू नाण्याहून महाग झाला की राज्यसुद्धा लहान नाण्याचा हात सोडते.

बँकांचेही तसेच, आणि येथे मी माझ्या जुन्या बिरादरीची बाजू घेतो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सोने-चांदी तारणाचे नियम नव्याने बांधले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख ठेवली. तारणात सोन्याची नाणी पन्नास ग्रॅमपर्यंत, चांदीची पाचशे ग्रॅमपर्यंत. मोल धरायचे ते फक्त धातूचे. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर आहे. उद्या कर्ज बुडाले तर बँक नरसिंहाचे काय करणार? इतिहासाचे मोल ठरवणे हे तिचे काम नाही. अडचण अशी की ते दुसऱ्या कुणाचेही काम ठरलेले नाही. तागडी सर्वत्र आहे, भिंग कुठेच नाही.

कुणी विचारील, संग्रहालयांत हजारो फनम पडले आहेत, आणखी कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे चेन्नईच्या संग्रहालयातला संचय मोठा, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय २००४पासून उघडे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. पण फनमावर बहुधा साल नसते, पुष्कळदा नावही नसते. हैदरअलीच्या फनमावर त्याच्या नावाचे एक फारसी अक्षर, बस्स. तेव्हा कोणता आधीचा, कोणता नंतरचा, कुणी सोन्यात किती तांबे मिसळले, कोणत्या राज्याचा कस कधी उतरला, हे कळायचे तर पुष्कळ नाणी तोलावी लागतात, छाप जुळवावे लागतात आणि कोणते कोणत्या गावात सापडले ते ठाऊक असावे लागते. सर वॉल्टर एलियट नावाचा इंग्रज अधिकारी नोकरीच्या आरंभी आपल्या दक्षिणी मराठा मुलखात, धारवाडकडे होता. तेथून त्याला जुन्या कोरीव लेखांचे आणि नाण्यांचे वेड लागले आणि १८८६मध्ये त्याचा दक्षिण भारतातील नाण्यांवरचा ग्रंथ निघाला. त्याचे भांडवल म्हणजे गावोगावहून आलेली असली साधी नाणी.

मोठी नाणी पुरून ठेवली जातात, लहान नाणी हरवली जातात. त्यामुळे मोठ्यांचे हंडे निघतात. फेब्रुवारी २०२०मध्ये तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल देवळाच्या आवारात ५०५ सोन्याची नाणी निघाली, वजन १ किलो ७१६ ग्रॅम. त्याची बातमी देशभर झाली. एकटादुकटा तार किंवा चक्रम नांगराच्या फाळाने वर आला तर त्याची नोंद कोण घेणार?

याचे उत्तर इंग्लंडने एका प्रकारे दिले आहे. तेथेही धातुशोधक यंत्रे घेऊन शेतात हिंडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता आणि पुरातत्त्वज्ञ त्यांना चोर म्हणत होते. १९९६चा कायदा आणि १९९७पासूनची नोंदणी योजना यांनी वाट काढली. ठरावीक प्रकारचे धन सापडले तर कळवणे सक्तीचे. संग्रहालयाला ते हवे असेल तर मोबदला बाजारभावाने, धातूच्या भावाने नव्हे. बाकी किरकोळ वस्तू स्वखुशीने नेऊन दाखवायच्या. ठिकठिकाणी नेमलेला अधिकारी ती तोलतो, छायाचित्र काढतो, जागा नोंदवतो आणि वस्तू परत देतो. दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद अशी झाली. त्यात राजा पहिल्या एडवर्डच्या काळापासूनची, म्हणजे १२७९पासूनची चांदीची बारीक ‘फार्दिंग’ नाणीही आहेत. पूर्वी ती दुर्मिळ समजत. शेतांतून इतकी निघाली की तेव्हाच्या गरिबांच्या बाजारहाटाबद्दलच्या समजुती बदलाव्या लागल्या.

तेथील सारे येथे चालेल असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. आपल्याकडे यंत्रे हातात देऊन शेते मोकळी सोडली तर बुऱ्हाणपूर रोज होईल. पण त्यातले दोन तुकडे उचलण्यासारखे आहेत. एक, १८७८च्या कायद्यातला मोबदला धातूऐवजी नाणे म्हणून असलेल्या मोलावर बांधणे. त्यासाठी एका कलमात दुरुस्ती पुरे. दुसरा, घरातले वडिलोपार्जित नाणे दाखवून, तोलून, छायाचित्र काढून परत न्यायची सोय जिल्ह्याच्या संग्रहालयात करणे, आणि ‘हे आणले कोठून?’ असा फौजदारी सूर त्या खिडकीवर न लावणे. नाणे पुढे मुशीत गेले तरी निदान त्याची नोंद राहील. सराफांच्या संघटना यात मोठे काम करू शकतील. मोड वितळवण्याआधी शेवटचे भिंग त्यांच्याच डोळ्याला असते. आप्पांसारखे डोळे अजून आहेत.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे सांगतो. लक्ष्मीपूजनाची डबी एकदा पांढऱ्या ताटलीत, पंखा बंद करून, सावकाश उघडा. घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवा, त्याची नजर तुमच्या चष्म्याहून बरी असते. सोन्याचा किंवा चांदीचा कण चपटा असेल आणि दोन्ही बाजूंना काही उठाव असेल तर तो मणी नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन, काहीही लावू नका. काळेपणा राहू द्या. डाग देऊन साखळीत ओवू नका. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेने व्हेनिसच्या डुकाटाचे रूप घराघरात नेले हे खरे, पण कडी जोडलेल्या नाण्याचे मोल संग्राहक निम्म्यावर आणतो. फोटो काढताना शेजारी तांदळाचा दाणा ठेवा, आकार कळतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन करून घ्या. विकायचेच असेल तर आधी दोन ठिकाणी दाखवा, एक सराफ आणि एक नाण्यांचा जाणकार. ‘जुना फनम’ म्हणून विकत घेणार असाल तर मुलाम्याची तांब्याची नक्कल बाजारात आहे हे ध्यानात ठेवा.

आणि प्रत्येक नाण्यासाठी एक छोटे कागदी पाकीट करा. प्लास्टिकचे नको. त्यावर चार गोष्टी लिहा: कुणाकडून आले, त्या कुठल्या गावच्या, वजन, आजची तारीख. आजी हयात असतील तर पाकिटावरची पहिली ओळ त्यांनाच विचारून लिहा.